पहिला वेढा

वळीव झाला की आमच्या घरात पैसा यायचा. तासगावच्या बाजूला एका गावात आण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, पुढं पत्र्याची पडवी, आत व्हार्निशचा वास. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून यायचं, तासभर कडकडाट व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दात घासत असतानाच दारात मोटरी उतरायला लागायच्या. कुणी टेम्पोतून आणायचं, कुणी एम-एटीच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून. "आण्णा, गेली न्हवं." एवढंच बोलणं. काय गेलं, कशानं गेलं, हे आण्णांनी मोटर उघडून सांगायचं.

लोकांच्या नुकसानीवर आपलं घर चालतं याची आईला टोचणी होती. वर्षातला पहिला वळीव आला की ती देवापुढं दिवा लावायची, पण नेमकं काय मागायचं ते तिला ठरवता यायचं नाही.

मोटर उघडली की आण्णा आधी वास घ्यायचे. मग बॅटरीच्या उजेडात वाइंडिंग बघायचे, वैद्य जीभ बघतो तसे. सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असतील तर होल्टेज कमी होतं आणि मालकानं मोटर तशीच ओढली. स्टारच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइली एका टोकाला एकत्र बांधलेल्या मोटरीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरीच्या कोऱ्या तांब्यासारख्या, तर एक फेज, म्हणजे लाइटच्या तीन तारांतली एक, गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनावर घुमत राहिली. हे दोन्ही प्रकार माणसांच्या चुकांचे, आण्णा त्यावर मालकाला चार शब्द ऐकवायचे. वळवानंतरच्या मोटरी मात्र वेगळ्या असायच्या. सगळं वाइंडिंग लखलखीत, काल भरल्यासारखं, आणि एका कॉइलच्या तोंडाशी मोहरीएवढा काळा ठिपका. त्याला चिकटून तांब्याचा वितळून झालेला मणी. हा ठिपका बहुतेक वेळा सुरुवातीलाच सापडायचा, बाहेरची तार जिथं आत शिरते तिथल्या पहिल्या किंवा दुसऱ्या टर्नमध्ये. दुकानात त्याला टर्न म्हणायचे, माझ्या शाळेच्या पुस्तकात वेढा.

"पयल्यालाच का लागतंय ओ आण्णा?" मी विचारलं होतं. सातवीत असेन.

"दारात हुभा असतोय त्यालाच पयली लागणार की," ते म्हणाले आणि पंच घेऊन स्लॉटमधलं तांबं उपसायला लागले.

पुढं इंजिनिअरिंगला हेच उत्तर मला गणितासकट शिकवलं. झटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात चढतो. कॉइलला तेवढ्या वेळात हलताच येत नाही. आतल्या वेढ्यांपर्यंत बातमी पोचायच्या आधीच बरंचसं व्होल्टेज पहिल्या चार-दोन वेढ्यांवर येऊन बसलेलं असतं. एरवी शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये एखाद-दोन व्होल्टचाच फरक, म्हणून त्यांच्यामधलं इनॅमलही, म्हणजे तारेवरचा लेप, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. त्यावर एकाएकी काही हजार व्होल्ट. मास्तर फळ्यावर आलेख काढत होते आणि मला तो तांब्याचा मणी दिसत होता.

बोरमधल्या सबमर्सिबलची तर गोष्टच न्यारी. ती दोन-तीनशे फुटांवर, थेट पाण्यात. तारेवरून आलेल्या झटक्याला जमिनीत जायची एवढी चांगली वाट आसपास दुसरी नसते, त्यामुळं तो खांबावरून घसरतो, केबल धरून खाली उतरतो आणि मोटरीतून पाण्यात जातो. वीज त्या शिवारात पडलेलीही नसते बऱ्याचदा. किलोमीटरभर लांब पडली तरी उघड्या तारांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. शेतकरी शपथेवर सांगायचा, "आमच्याकडं पडलीच न्हाई वो वीज!" आणि ते खरं असायचं.

*

आमच्याकडं वीज म्हणजे आभाळातली. तारेतून येते ती लाइट. लाइट येते, लाइट जाते, लाइटचं बिल येतं, फक्त त्या बिलावर वीज छापलेलं असतं. दोन्ही एकच, हे आण्णांना धंद्यामुळं ठाऊक होतं आणि आजीला दुसऱ्या कारणानं. ते कारण म्हणजे मी. मी पायाळू.

पायाळू माणसावर वीज पडते, हे आजीच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं पक्कं होतं. ढग गडगडला की मला माजघरात पाटावर बसवून वरून घोंगडं टाकायची. वीज जन्मतारीख विचारत नाही, पायाकडून आलात की डोक्याकडून हे तर त्याहून नाही. उघड्या रानात, एकट्या झाडाखाली जो असतो त्याला ती गाठते. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात, त्यांत शेतात कामाला असलेलीच पुष्कळ. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप फोनवर सांगतं, तुमच्याजवळ वीज चमकते आहे, आडोशाला जा. आजीकडं घोंगडं होतं. आण्णा तिला कधी हसले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "पाट लाकडाचा हाय, आन् पोरगी घरात हाय. बरंच हाय की."

पायाळूपणाचा एक जोडधंदाही होता. मोटर घेऊन आलेल्या एखाद्या बाप्याच्या कमरेत उचलताना उसण भरायची, मग आण्णा मला हाक मारायचे. तो पडवीत पालथा पडायचा, मी त्याच्या कमरेला तीनदा पाय लावायचा आणि मग वाकून त्याच्या पाया पडायचं, कारण मोठ्या माणसाला पाय लागला. बदल्यात पेपरमिंट. मोटर दुरुस्त व्हायला चार दिवस, कंबर जागेवर. बरी व्हायची का? माणसं उठून चालत जायची, एवढं मी बघितलंय.

*

घरामागं, न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर, आमच्या अर्थिंगचा, म्हणजे भरकटलेली लाइट जमिनीत सोडायचा, खड्डा होता. आण्णांनी तो स्वतः खणला होता, माणूस बुडेल एवढा खोल. मधे जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, भोवती थर: कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. वर नरसाळं. उन्हाळ्यात दर शनिवारी त्यात दोन बादल्या पाणी. प्यायचं पाणी टँकरनं येत असतानाही त्या दोन बादल्या चुकल्या नाहीत, यावरून आई आणि आण्णांचं वाजायचं. "माणसं तहानलीत आन् ह्यांचा पाइप पाणी पितोय!"

आमची काळी माती ओली असली की विजेला लोण्यासारखी. पण मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते, आणि मग त्या खड्ड्याचं असून नसून सारखं. मीठ ओल धरतं आणि पाइपही खातं, म्हणून काही वर्षांनी सगळं उकरून नवं करायचं. गावात बाकीच्यांच्या घरी अर्थिंग म्हणजे काय होतं, तर पाण्याच्या नळाला गुंडाळलेली एक तार. आणि नळ प्लॅस्टिकचा झाला तरी तार तशीच.

ज्या वर्षी आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी पडलं नाही. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते आणि मेमध्ये सुट्टीला घरी आले होते. येताना पहिल्या बोनसमधून टीव्हीसाठी एक भारीतला स्पाइक गार्ड आणला होता, सहा सॉकेटचा, हिरवा दिवा असलेला. आण्णांनी तो हातात घेऊन वजन बघितलं होतं. बोलले काही नाहीत.

दुपारी आम्ही जेवत होतो. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. स्वयंपाकघरातला बल्ब एकदम पांढरा झाला. दिवाळीतल्या फुलबाजीसारखा पांढरा, डोळ्यांत खुपणारा. पंख्याचा आवाज चढला. मी वर बघतेय तोवर आण्णा ताटावरून उठले होते, त्या गुडघ्यासकट. दोन ढांगांत दाराशी, तिथं हात धोतराला खसाखसा पुसला आणि कोरड्या हातानं मेन स्विच खाली ओढला. सगळं मिळून वीसएक सेकंद. बाहेर गल्लीत फटाक्यासारखे दोन आवाज झाले, मग बायकांचा गलका.

डीपीवर, म्हणजे गल्लीला लाइट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलचा, सगळ्यांच्या परतीच्या सामाईक तारेचा, बोल्ट ढिला होता, तो जळून सुटला. न्यूट्रल आहे तोवर प्रत्येक घराला आपापले 230 व्होल्ट. तो सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं माळेतल्या दिव्यांसारखी एकामागं एक जोडली जातात आणि 415 व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी उलटी असते. ज्याच्या घरात जास्त वस्तू चालू, त्याला कमी व्होल्टेज. ज्याच्या घरात एकच बल्ब आणि कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगला, त्याच्यावर जवळजवळ सगळं. आमच्या गल्लीत ज्या म्हातारीकडं एक टीव्ही आणि एक पंखा एवढंच होतं, तिचं दोन्ही गेलं. ज्यांच्याकडं गीझर, फ्रीज, शेगडी, मिक्सर एकदम चालू होतं, त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. हा न्याय मी अजून पचवलेला नाही.

आमच्याकडं फ्रीज वाचला. त्याच्या जुन्या, घूं-घूं करणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये हाय कट होता, त्यानं लाइन तोडली होती. टीव्ही मात्र गेला, आणि माझा स्पाइक गार्ड एका बाजूनं फुगून तपकिरी पडला होता, पापड भाजताना लागतो तसा. वास अख्ख्या घरात.

मला वाटलं, खड्ड्याला पाणी नव्हतं म्हणून हे झालं. तसं मी बोललेही, थोडी रडवेली होऊन. आण्णांनी स्क्रू काढून गार्ड उघडला. "खड्ड्याचा काय संबंध न्हाई ह्यात. न्यूट्रल गेल्याला अर्थिंग काय करणार? त्यो खड्डा येगळ्यासाठी हाय." मग आतली चार आण्याएवढी निळी टिकली नखानं दाखवली. ती मधोमध फुटून कोळसा झाली होती. "आन् ही बी येगळ्यासाठी. ही झटक्याची हाय. हा झटका न्हवता, हा ताप हुता."

झटका आणि ताप. एवढ्या दोन शब्दांत त्यांनी जे सांगितलं ते सांगायला दुकानदारांच्या जाहिरातींना चार पानं लागतात आणि तरी सांगत नाहीत. ती निळी टिकली म्हणजे व्हॅरिस्टर. जस्ताच्या ऑक्साइडचे बारीक कण दाबून, भाजून केलेली. तेच जस्त ऑक्साइड जे वैद्यांच्या यशद भस्मात असतं आणि क्रिकेटवाले नाकाला फासतात. कणाकणाच्या सीमेवर सुमारे तीन-तीन व्होल्टचं फाटक. नेहमीच्या व्होल्टेजला सगळी फाटकं बंद, टिकली नुसती बसून असते. झटका आला की काही नॅनोसेकंदांत सगळी उघडतात, झटका तिच्यातून पलीकडं निघून जातो, फाटकं परत बंद. पण हे मायक्रोसेकंदांचं काम. तिच्यावर सेकंद-सेकंद 400 व्होल्ट उभे राहिले तर ती उघडीच राहते, तापते, जळते. त्याला लागतो तो व्होल्टेज बघून लाइन तोडणारा रिले, आमच्या त्या कुरकुऱ्या स्टॅबिलायझरमध्ये होता तसा. दोन वेगळी दुखणी, दोन वेगळी औषधं.

आणखी एक. प्रत्येक झटका खाताना टिकलीचं थोडं आयुष्य जातं. दहा छोटे खाऊन ती अकराव्याला मरते आणि मेल्याचं कुणाला कळत नाही. साध्या गार्डमध्ये टिकली मेली तरी हिरवा दिवा जळतच असतो, कारण तो दिवा फक्त लाइट आल्याचं सांगतो. लोक तसला गार्ड पंधरा-पंधरा वर्षं वापरतात.

*

दुकानाच्या टेस्टिंग पॅनलवर एक काट्याचा व्होल्टमीटर होता, काच तडकलेला. दुकान बंद झाल्यावर आण्णांनी तो काढून घरात भिंतीला लावला. कॅलेंडरशेजारी. येता-जाता बघायचे.

कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये, पंतप्रधानांच्या सांगण्यावरून, 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद करायचे होते. त्याआधी दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर एकच धास्ती: एकदम लोड उतरला की व्होल्टेज उसळेल, फ्रीज-टीव्ही जळतील. मी पुण्यात अडकलेली, आण्णा गावी. फोन चालू ठेवला. "तुम्ही मेन काढणार का?" तर म्हणाले, "फ्रीज, पंखा चालू हाय. दिवा तेवढा घालवलाय. काटा बघतोय." देशभरात त्या मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॉट मागणी उतरली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. मागणी आणि निर्मितीचा मेळ घालणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्रांतल्या लोकांनी जलविद्युतची निर्मिती झपाट्यानं खाली आणली, मग तितक्याच झपाट्यानं वर नेली. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. फोनमधून आण्णांचा आवाज येत होता, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा: "238… 240… 242… थांबला बघ… उतराय लागला." कुठल्या कुठल्या कंट्रोल रूममध्ये कुणी कपाळाचा घाम पुसला असेल. आण्णा म्हणाले, "माणसं हुशार हायत," आणि झोपायला गेले.

काटा बघत बसणाऱ्यांचं मला पुढं भारी कौतुक वाटायला लागलं. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या वादळानं युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांना झटके दिले, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची पृथ्वीच्या चुंबकत्वावरची सगळ्यांत मोलाची नोंद कुठं आहे, तर मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून हातानं टिपलेले आकडे. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ही मापनं बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं. तशाच, पण कितीतरी लहान वादळानं 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेकची अख्खी ग्रिड दीडएक मिनिटात झोपवली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुलाब्याचा काटा काचेत हुता का?"

*

गेल्या वर्षी आण्णा-आई मे महिनाभर पुण्यात माझ्याकडं होते. त्यांना दाखवायला मी मुद्दाम डीबीचं, घरातल्या लाइटच्या मुख्य पेटीचं, झाकण उघडलं. नवं एसपीडी, म्हणजे अख्ख्या घरासाठी झटका उतरवणारं यंत्र, बसवून घेतलं होतं, टाइप टू, खिडकी हिरवी. आतली टिकली मेली की लाल होते. मनातल्या मनात त्या जळक्या स्पाइक गार्डचं उट्टं काढल्याचं समाधान होतं.

आण्णांनी चष्मा सारखा केला. "ही वायर कशाला गुंडाळलीया?"

इलेक्ट्रिशियननं अर्थची तार मीटरभर जास्त ठेवून तिची छान गुंडाळी करून बांधली होती. पुढं कधी लागली तर असू द्या, ताई. आणि मी, विजेचं शिकलेली बाई, बरं म्हणाले होते. सरळ तारेतही झटक्याला मीटरमागं हजारभर व्होल्टचा अडथळा होतो, गुंडाळीत आणखी. म्हणजे टिकलीनं झटका चोख उतरवला तरी तारेतलं तेवढं व्होल्टेज घराच्या वाट्याला येणारच. जोडतारा सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, सरळ, जाड. हे मला पाठ होतं.

"कॉइल केलीस की गं," आण्णा म्हणाले. "जन्मभर म्या कॉइली भरल्या, तू डीबीत भरलीस." इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. त्यानं तार कापली, पण नाराजीनं. गुंडाळी खरंच देखणी होती.

मग आण्णांना खड्डा बघायचा होता. सोसायटीच्या अर्थिंगचा खड्डा कुठाय? मला माहीत नव्हतं. चेअरमनना फोन केला, ते म्हणाले बिल्डरच्या ड्रॉइंगमध्ये असेल. आण्णांनी मीटर रूममधून निघालेली जीआय पट्टी धरली आणि भिंतीभिंतीनं निघाले, मी मागं. पट्टी पार्किंगच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉकखाली गेली होती. वर कुणाचीतरी स्कूटर आणि वाळलेल्या तुळशीची कुंडी. वॉचमनला हाताशी घेऊन चार ब्लॉक काढले, खाली सिमेंटचं झाकण, झाकणाखाली गुटख्याच्या पुड्या, प्लास्टरचे तुकडे, आणि पट्टीला पाइपशी बांधणारा बोल्ट. आण्णांनी दोन बोटांनी फिरवला. फिरला. बोटांना गंज लागला. दुसऱ्या दिवशी पाना आणि नवा बोल्ट आणून आवळला, त्याला ग्रीस थापलं, आणि मला म्हणाले, "बादली आण."

"आण्णा, हे केमिकल अर्थिंग असणार. ह्याला पाण्याची तितकी गरज नसते."

"तितकी नसंल. थोडी?"

आता ह्यावर काय बोलणार. एक बादली मी आणली, दुसरी वॉचमननं. माती पाणी पीत गेली, वर बुडबुडे. वॉचमन परभणीकडचा, पोरगेला. बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं न राहवून विचारलं, "बाबा, झाड कुठंय?"

आण्णा हसले, पण सांगितलं सगळं. भिंतीला टेकून, पंधरा मिनिटं, बोल्टापासून बोरमधल्या मोटरीपर्यंत. पोरगं हातातली रिकामी बादली खाली ठेवायचंही विसरलं.

जूनला ते दोघं गावी गेले. यंदा एप्रिलमध्ये एका शनिवारी मी ऑफिसात होते, फोन वाजला. वॉचमनचा व्हॉट्सॲप मेसेज, सोबत पेव्हर ब्लॉक बाजूला काढलेल्या खड्ड्याचा फोटो: "ताई आज पण दोन टाकू का. बाबांना विचारा."